अकरा मिनिटांत चार किलो

माझ्या थोरल्या वहिनीने कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं लसूण सोलला. त्यातली साडेएकोणीस वर्षं समोरच्या पाटावर माझी बायको बसायची. मी त्याच कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचो. कँटीनची पोती माझ्याच पाठीवरून आत जायची, त्यामुळे इथे लिहितोय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते बायकोकडून कळलं, आणि ती वाढवून सांगणाऱ्यातली नाही.

तीन पाळ्यांची मिळून दोन हजार माणसं तिथे जेवायची. त्यांना रोज बारा किलो लसूण लागे. बारा किलो म्हणजे किती, हे घरी चार पाकळ्या सोलणाऱ्याला कळणार नाही. एका किलोत चारशे-साडेचारशे पाकळ्या भरतात. म्हणजे दिवसाला पाच हजार वेळा तेच. बूड कापायचं, नखाने साल उचलायची, ओढायची, पाकळी टाकायची. दुपारपर्यंत अंगठ्याची कातडी चरचरायला लागते. हातमोजे घातले तर पाकळी निसटते, म्हणून कोणी घालत नसे. थंडीत बोटांना चिरा पडत आणि त्यात लसणाचा रस जाई. वहिनीच्या उजव्या अंगठ्याचं नख पुढे कधी नीट वाढलंच नाही. हाताचा वास तर घासून घासूनही जात नसे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणायचा, "हिला गर्दीत शोधायला हाक मारावी लागत नाही."

वहिनी म्हणायची, "आणि तुम्हाला शोधायला गर्दीत जावंच लागत नाही. पलंगावर असताच की."

दोघींची खोली भटारखाना आणि बॉयलर यांच्या मधे होती. खोली कसली, आठ फुटांचा बोळ. समोरासमोर दोन पाट, मधे पत्र्याचं पिंप, कोपऱ्यात नळ, वर जाळीची खिडकी. बॉयलरची गरम नळी त्या खोलीच्या भिंतीला धरून पलीकडे जाई. तिच्यामुळे उन्हाळ्यात तिथे बसणं नको व्हायचं.

वहिनीला लागून तिसरं वर्ष होतं, बायकोला दुसरं. एकदा ओलसर पोतं आलं. लसूण वाळावा म्हणून वहिनीने ते संध्याकाळी नळीवर आडवं टाकलं आणि घरी आली. सकाळी हात घालते तर साल कागदासारखी कुरकुरीत. तिने पोतं लाकडी बत्त्याने ठोकलं, तसे आतले गड्डे फुटले. मोकळ्या पाकळ्या पिंपात ओतल्या, वर खरखरीत तरटाचे दोन तुकडे टाकले, झाकण घट्ट लावलं आणि दोघींनी ते पिंप जमिनीवर पुढे-मागे लोळवलं. उघडून पाहिलं तर दहातल्या नऊ पाकळ्या सोललेल्या. उरलेल्यांची साल दोन बोटांत चोळली की सुटत होती.

बायको हरखली. "जाऊबाई, चला, आचाऱ्यांना दाखवू."

वहिनीने आधी दार लोटलं. "वेडी आहेस का? बारा किलोंना दोन बायका लागतात म्हणून आपण दोघी इथे आहोत. हे बाहेर कळलं तर एक पाट उचलतील. कोणाचा उचलतील ते तूच सांग."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरलं. निम्मा लसूण पिंपात, निम्मा हाताने. दिवसभराचं काम दिवसभर पुरवायचं. पिंप लोळवायचं ते भटारखान्यात मोठी पातेली घासायला घेतात त्या वेळेला, म्हणजे आवाज आवाजात मिसळतो. एकीचं पोर तापाने फणफणलं तर ती मागच्या दाराने घरी येई, दुसरी दोघींचं उरकी आणि साली मात्र दोन्ही पाटांपाशी वेगवेगळ्या ढिगांत लावून ठेवी. आमची पोरं अशी वाढली.

मला हे उशिरा कळलं आणि पटलं नाही. मी पोतं उचलतो तेव्हा उचलतो. उचलल्यासारखं करत नाही. तसं मी वहिनीला एकदा बोललोही.

ती म्हणाली, "भावोजी, तुमचं पोतं सगळ्यांना दिसतं. पाठ वाकलेली दिसते, घाम दिसतो. आमचं काम कोणाला दिसतं? भाजीत लसूण दिसतो का? मग निदान लागणारा वेळ तरी दिसू दे."

मी पुढचं पोतं आणायला गेलो.

अठरा वर्षं ही गोष्ट त्या खोलीच्या आणि आमच्या घराच्या बाहेर गेली नाही. आमच्या गल्लीत दोन दिवस गुपित टिकत नाही, तिथे या दोघींनी अठरा वर्षं टिकवलं. दोघी घरातही तशाच होत्या. भांडायच्या, पण एकमेकींचं ताट झाकून ठेवल्याशिवाय जेवायच्या नाहीत.

मग कँटीनला नवे व्यवस्थापक आले. त्यांचं घड्याळ मनगटावर नसायचं, तळहातावर असायचं. कांदा कापणाऱ्याच्या मागे उभे राहून ते वेळ मोजत. आठ दिवसांत त्यांचं नाव काटा पडलं. एका सकाळी काट्याने लसूण सोलायचं यंत्र दाखवायला एका विक्रेत्याला बोलावलं. यंत्र मी आणि आणखी दोघांनी उचलून आत नेलं. जड होतं, आणि धरायला एकही धड जागा नव्हती. ज्याने ते बनवलं त्याने ते कधी उचललं नसणार.

विकायला आलेल्या माणसाने यंत्र लावलं. भटारखान्यातली सगळी माणसं भोवती जमली. आतून खडखडाट झाला आणि पाकळ्या बाहेर पडल्या. निम्म्या ठेचलेल्या. मुख्य आचाऱ्याने एक उचलून बोटांत दाबली. "हा लसूण दुपारपर्यंत पिवळा पडेल. सोलतंय की मारतंय?"

माणसं हसली. काटा हसला नाही. तो म्हणाला, "ठेचला तर ठेचला. दोन बायका दिवसभर बसवून ठेवण्यापेक्षा बरं. बसून करायचं काम ते. त्याला अक्कल लागत नाही, बूड लागतं."

पुन्हा माणसं हसली. तीच माणसं.

वहिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. माझ्या बायकोने तिचं कोपर धरलेलं मी पाहिलं. "जाऊबाई, राहू द्या. चला, आत बसू." वहिनीने कोपर सोडवलं आणि पुढे आली.

"लावा तुमचं घड्याळ," ती काट्याला म्हणाली.

पोतं नळीवर तयार होतंच, रोज असायचं. तिने ते आणलं, चार किलो तोलून घेतले, ठोकले, पिंपात ओतले, तरट टाकलं, झाकण लावलं. पिंप एकटीनेच लोळवलं. मग परातीत ओतून साल फुंकून उडवली आणि उरलेल्या पाकळ्या दोन्ही हातांनी चोळल्या. मान वर केली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. एक पाकळी ठेचलेली नव्हती. आचारी टाळ्या वाजवायला लागला, त्याचं पाहून बाकीचेही. मीही वाजवल्या. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. अठरा वर्षांत तिचे हात एवढ्या मोकळेपणाने चालताना मी पहिल्यांदा पाहिले. कामात वाया गेलेली एक हालचाल नव्हती.

विकणाऱ्याने यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. काट्याने घड्याळाकडे पाहिलं, मग पिंपाकडे, मग दारातून दिसणाऱ्या दोन पाटांकडे.

"अकरा मिनिटांत चार किलो. म्हणजे बारा किलोंना अर्धा तास," तो म्हणाला. "मग इतकी वर्षं तुम्ही दोघी दिवसभर काय करत होतात?"

वहिनीच्या कपाळावर घाम होता. ती म्हणाली, "मला जमतं साहेब. हिचा हात हळू आहे. हिच्या गतीने चालावं लागतं."

माझी बायको दारात उभी होती. तिने वहिनीकडे पाहिलं, मग आत जाऊन आपल्या पाटावर बसली आणि एक गड्डा फोडून सोलायला घेतला. यंत्र बाहेर न्यायचं होतं म्हणून मला कोणीतरी हाक मारली, मी गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते त्या दिवशी पाहिलं. हात वहिनीने दाखवला, अवलक्षण माझ्या बायकोच्या वाट्याला आलं.

चार दिवसांनी बायकोला चिठ्ठी मिळाली. महिनाअखेरपर्यंत काम, नंतर नको.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. कारखान्यात वीस वर्षं भरली की पेन्शन होती. एक दिवस कमी भरला तरी नव्हती. बायकोला साडेपाच महिने कमी पडत होते. वहिनीची एकवीस वर्षं होऊन गेली होती. ती त्या दिवशी उठून निघाली असती तरी तिची पेन्शन तिच्यामागे घरी आली असती. काट्याला एकच बाई हवी होती, कोणती ते त्याच्या लेखी सारखंच होतं. वहिनीने नुसतं म्हणायचं होतं, "हिला ठेवा, मी जाते. पिंप हिलाही येतं." घरातल्या प्रत्येकाला हे कळत होतं. कोणी बोलत नव्हतं.

पहिला आठवडा गेला. मी बायकोला म्हणालो, "मी बोलतो वहिनीशी."

"तुम्ही तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. "त्यांना कळत नाही असं आहे का? मागून घेतलेलं मला नको. त्यांच्या तोंडून येऊ दे."

मी तोंड उघडलं नाही. बायकोने सांगितलं म्हणून गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण मला सोपं तेच होतं. दोन मणांचं पोतं उचलणारा माणूस मी, एक वाक्य उचललं नाही.

दादाला मात्र मी बाजूला घेतलं. "तू तरी सांग तिला."

दादा चपलेचा अंगठा खेचत बसला. म्हणाला, "काय सांगू? एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तिला शाबास म्हणालंय. काल काट्याने खुर्ची दिली बसायला. घरी येऊन मला दोनदा सांगितलंन, खुर्ची दिली म्हणून."

महिना एकतीस दिवसांचा होता, म्हणजे एक दिवस जास्तच मिळाला. दोघी रोज बरोबर कामाला जात, बरोबर परत येत. बायको रोज वाट पाहायची. मला ते तिच्या चालण्यावरून कळायचं. परत येताना ती वहिनीच्या अर्धं पाऊल मागे चालायची, वहिनी मागे वळून काही बोलली तर ऐकू यावं म्हणून. शेवटच्या दिवशी ती एकटीच आली. वहिनीला काट्याने थांबवून घेतलं होतं. दुसऱ्या कँटीनमधून दोन माणसं पिंप पाहायला आली होती.

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करायची?

घर तेच राहिलं. पुढची खोली त्यांची, मागची आमची. पण चूल वेगळी झाली. भांडण होऊन नाही. एका सकाळी बायकोने आमच्या खोलीत शेगडी मांडली, एवढंच. बोलणं राहिलं ते पाणी आलं का, दळण कोणी आणायचं इतपत. बायको चार घरची धुणी-भांडी करू लागली. वयाच्या पंचेचाळिशीत नवं काम शरीराला नको असतं. तिचे गुडघे त्यातच गेले.

वहिनीला भिंतीवर लावायला काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्र मिळालं. आणि काट्याने दिलेली खुर्ची आठ दिवसच टिकली. अर्ध्या तासात लसूण उरकतो म्हटल्यावर उरलेला दिवस कारखान्याचा झाला. आधी सोलायला आलं दिलं, मग कांदा. रोज पन्नास किलो कांदा, एकटीने. कांद्याला गरम नळी चालत नाही, पिंपही चालत नाही. तो एकेकच सोलावा लागतो. बोलायला समोर कोणी नाही, आजारी पडलं तर पाट सांभाळायला कोणी नाही. अशी दहा वर्षं काढली तिने. संध्याकाळी घरी येई तेव्हा डोळे सुजलेले असत. कांद्याने, असं ती सांगायची. आम्हीही तेच धरून चालायचो.

दादा गेला, त्यानंतर वहिनी निवृत्त झाली. आता तिची बोटं मिटत नाहीत. सांधे गाठीसारखे झाले आहेत, कप दोन्ही तळहातांत धरून प्यावा लागतो. जीभ मात्र शाबूत आहे. लसणाचं काही अडलं की गल्लीतल्या बायका तिच्याकडे येतात आणि ती त्यांना खुलून सांगते.

गेल्या वर्षी समोरच्या घरातली नवी सून तिच्याकडे आली. मी दाराशी बसून चपलेला टाका घालत होतो. बायको आत धान्य निवडत होती.

"मोठ्या काकू, लसणाला आठ दिवसांत कोंब फुटतात हो."

"फ्रिजमध्ये ठेवत असशील."

"हो. टिकावा म्हणून."

"मग फुटणारच. अख्खा गड्डा थंडीत ठेवलास की त्याला वाटतं, आता उगवायचे दिवस आले. अख्खा लसूण बाहेर ठेवायचा. टोपलीत, हवेवर, उजेडापासून लांब. पिशवीला गाठ मारायची नाही, त्याचा जीव गुदमरतो."

"आणि सोललेला?"

"तो मात्र फ्रिजमध्येच. बरणी कोरडी हवी, तळाशी कोरडं फडकं. फडकं दमट झालं की बदलायचं. आठवडाभराचाच सोल, महिन्याचा नको. जास्त असेल तर मीठ घालून वाट, पिशवीत पातळ सपाट कर आणि बर्फाच्या कप्प्यात टाक. लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यायचा."

"आमच्या सासूबाई सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात."

वहिनी ताठ बसली. "किती दिवसांची आहे बरणी?"

"पंधरा दिवस झाले असतील."

"आज घरी जाऊन फेक. आधी फेक, मग त्यांना सांग. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवला की आत विष धरतं. वास येत नाही, बुरशी दिसत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तेलातला हवा तर आजचा आजच करायचा आणि संपवायचा."

"सासूबाई मलाच फेकतील काकू!"

"माझं नाव सांग. म्हणावं, एकतीस वर्षं सोललाय तिने."

सून हसली. "आणि सोलायचा कंटाळा येतो, त्याला काय?"

"चार पाकळ्या असतील तर दहा मिनिटं गरम पाण्यात टाक, साल हातात येते. पण भिजवलेला लगेच वापर, तो टिकत नाही. जास्त असेल तर पाकळ्या मोकळ्या करून दोन तास उन्हात घाल, मग दोन पातेली तोंडाला तोंड लावून जोरात हलव. आमचं असंच होतं, फक्त पातेल्याच्या जागी पिंप."

"बाई, किती सोपं!" सून म्हणाली. "धाकट्या काकूही तुमच्याबरोबर होत्या ना तिथे? त्यांनाही येत असेल हे सगळं."

वहिनी क्षणभरही थांबली नाही. "होती काही वर्षं," ती म्हणाली. "पण तिचा हात हळू."

मला वाटतं, तिला आता ते खरंच वाटत होतं. एवढ्या वर्षांत किती जणांना सांगितलं असेल, कोण जाणे.

आत धान्य निवडायचा आवाज थांबला. बायको भिंतीला धरत धरत उठली आणि मधल्या दारात येऊन उभी राहिली. वहिनीकडे तिने पाहिलं नाही. ती सुनेला म्हणाली, "हो गं. माझा हात हळूच होता. म्हणून तर जाऊबाईंना पुढे सगळं एकटीने करावं लागलं."

आणि ती परत आत गेली.

सुनेला काही कळलं नाही. ती आणखी दोन शब्द बोलली आणि बरणी फेकायला घरी गेली. वहिनी माझ्याकडे वळली. म्हणाली, "भावोजी, धाकटी असं का म्हणाली?"

"तुम्ही म्हणालात, तेच म्हणाली."

"त्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं."

"दिलंत की."

"आणि नंतरचा महिनाभर मला रोज वाटायचं, आज बोलू. रोज वाटायचं. तिने एकदा जरी विचारलं असतं..."

ती आतल्या खोलीकडे पाहत होती. आवाज मुद्दाम मोठा केला होता, आत जावा म्हणून. आतून धान्य निवडायचा आवाज तेवढा पुन्हा सुरू झाला.

आता गल्लीतलं कोणी लसणाचं विचारायला आलं, की वहिनी म्हणते, "मला नाही ठाऊक. धाकटीला विचारा."

आणि धाकटी म्हणते, "दुकानात सोललेला मिळतो."